समुद्राच्या खात्यावरचे पाणी

दरवर्षी पावसाळा ऐन भरात आला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते. धरणे भरतात, सांडव्यांवरून पाणी कोसळू लागते आणि कुणी पुढारी, कुणी निवृत्त अभियंता, कधी एखादे वर्तमानपत्रही हळहळते : ‘इतके टीएमसी पाणी समुद्रात वाहून वाया गेले.’ कोकणातल्या पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी घाटावर चढवण्याच्या योजना मांडल्या जातात त्या याच वाक्याच्या आधाराने. देशभरातल्या तीस नदीजोडांचा आराखडाही याच हळहळीवर पोसला आहे. त्यांतल्या केन-बेतवा जोडप्रकल्पाची पायाभरणी २५ डिसेंबर २०२४ रोजी झाली, आणि त्यानंतर हे वाक्य पुन्हा नव्या उत्साहाने उच्चारले जाऊ लागले.

ही हळहळ मला समजते. मराठवाड्यात मार्च उजाडताच टँकरची वाट पाहावी लागते. तिथल्या माणसाच्या डोळ्यांत समुद्राला मिळणारे पाणी खुपणारच. माझी शंका आहे ती फक्त ‘वाया’ या शब्दाबद्दल. एखादी वस्तू वाया गेली असे आपण म्हणतो तेव्हा तिचा पुढे काही उपयोग झाला नाही, हे गृहीत धरलेले असते. समुद्राला मिळालेल्या गोड्या पाण्याबाबत हे गृहीत धरायला आपण कुणाला विचारले? ते पाणी तिथे जाऊन काय करते, हा प्रश्न सिंचनाच्या चर्चेत मी क्वचितच ऐकला आहे. त्याचे उत्तर मात्र समुद्रशास्त्राकडे आहे आणि ते पाण्याच्या वजनापासून सुरू होते.

विसण आणि बास्फरस

ज्यांच्या घरी बंबात पाणी तापत असे त्यांना विसणाचे शास्त्र शिकवायला नको. बादलीत आधी गार पाणी घेऊन त्यावर बंबातले कढत पाणी हलकेच सोडले आणि हाताने ढवळले नाही, तर वरचे पाणी चटका देते आणि तळाशी ते गारच राहते. गरम पाणी फुगते म्हणून हलके होते, आणि हलके ते वर राहते. मिठाचे काम याच्या उलट. गोड्या पाण्यात बुडणारे ताजे अंडे त्याच पाण्यात पुरेसे मीठ विरघळवल्यावर वर येते, कारण खारे पाणी जड असते. उष्णता पाण्याला हलके करते आणि मीठ त्याला जड करते, हे दोन नियम हाताशी असले की समुद्राच्या पोटातले बरेचसे व्यवहार उलगडू लागतात.

जड आणि हलके पाणी शेजारी आले की काय होते, याचा पहिला नीटस प्रयोग सतराव्या शतकातला आहे. बोलोन्याचा लुइजी मार्सिली हा जेमतेम एकवीस वर्षांचा तरुण १६७९ साली कॉन्स्टँटिनोपलला गेला. तिथल्या बास्फरसच्या सामुद्रधुनीत काळ्या समुद्राचे पाणी वरून दक्षिणेकडे वाहते, हे सर्वांना दिसत होते. पण खोलात पाणी उलट दिशेने जाते असे तिथले कोळी सांगत. मार्सिलीने पांढऱ्या रंगाची बुचे बांधलेली दोरी पाण्यात सोडली आणि एका खोलीनंतर बुचे उलट दिशेला ओढली जातात हे डोळ्यांनी पाहिले. मग त्याने मध्ये पडदा घातलेली एक पेटी केली. एका बाजूला खोलातले जास्त खारे पाणी भरले, दुसऱ्या बाजूला काळ्या समुद्राचे कमी खारे. पडद्याची भोके उघडताच जड पाणी खालच्या भोकातून पलीकडे गेले आणि हलके पाणी वरच्या भोकातून अलीकडे आले. वाऱ्याची झुळूकही नसताना दोन विरुद्ध प्रवाह सुरू झाले. १६८१ मध्ये त्याने हे सारे प्रसिद्ध केले.

काळ्या समुद्राचे पाणी भूमध्य समुद्राच्या निम्म्यानेच खारे का, याचे कारण आपल्या विषयाशी जवळचे आहे. डॅन्यूबसारख्या मोठ्या नद्या त्यात गोडे पाणी ओततात. बास्फरसचा हा दुपदरी प्रवाह त्या नद्यांच्या जोरावर चालतो.

खोल समुद्र उष्ण कटिबंधातही गार असतो, हे कळायला आणखी सत्तर वर्षे लागली. गुलामांची वाहतूक करणाऱ्या एका इंग्रजी जहाजाचा कप्तान हेन्री एलिस याने १७५१ मध्ये अटलांटिकच्या उष्ण पट्ट्यात झडपांची बादली सोडून पाच हजार फुटांहून खोलवरचे पाणी वर काढले. पृष्ठभागावर पाण्याचे तापमान २९ अंश सेल्सियस होते. बादलीतले पाणी वर येईतो थोडे तापूनही १२ अंशच भरले. एलिसने त्याचा उपयोग अंघोळीला आणि मद्य गार करायला केला. अठराव्या शतकाच्या अखेरीस काउंट रमफर्डने त्यातून योग्य तो निष्कर्ष काढला. विषुववृत्ताजवळ इतके गार पाणी तयार होऊच शकत नाही, ते ध्रुवांकडून तळाने वाहत आलेले असले पाहिजे. आपल्या अरबी समुद्राच्या तळाशी असलेले गार पाणीदेखील अंटार्क्टिकाच्या बाजूनेच आलेले आहे, कारण उत्तरेकडून आशिया खंडाने आपली वाट बंद केली आहे.

कोयना तीन मिनिटांत

वजनातला हा फरक किती असतो? किलोभर समुद्रपाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. असे पाणी २८ अंश तापमानाचे असेल तर त्याचा एक घनमीटर सुमारे १०२२ किलो भरतो, आणि दोन अंशांचे असेल तर १०२८ किलो. हजारात सहाचा फरक! किराणा दुकानाच्या तराजूवर तो लक्षातही येणार नाही. पण समुद्र हजारो किलोमीटर पसरलेला आणि सरासरी पावणेचार किलोमीटर खोल आहे. तिथे एवढा फरक पाण्याचे डोंगर हलवायला पुरतो.

याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण उत्तर अटलांटिकमध्ये आहे. उष्ण कटिबंधातले बाष्पीभवनाने खारट झालेले कोमट पाणी उत्तरेकडे जाते. ग्रीनलंड, लॅब्राडोर आणि नॉर्वेच्या बाजूच्या समुद्रांत हिवाळी वारे त्यातली उष्णता काढून घेतात. खारे होतेच, आता ते गारही झाले, म्हणजे दोन्ही बाजूंनी जड. ते बुडते आणि दोन-तीन किलोमीटर खोलीवरून दक्षिणेकडे परत फिरते. ग्रीनलंड आणि आइसलंड यांच्यामधल्या बुडालेल्या उंबरठ्यावरून हे जड पाणी तीन किलोमीटरहून अधिक खाली उतरते. आपला गिरसप्पा २५३ मीटरचा. पृथ्वीवरचा सर्वांत मोठा धबधबा असा पाण्याखाली आहे, आणि त्यातून सेकंदाला सुमारे तीस लाख घनमीटर पाणी जाते. जगातल्या साऱ्या नद्या मिळून समुद्रात सेकंदाला बारा लाख घनमीटरांच्या आसपास पाणी ओततात.

या संपूर्ण अटलांटिक चक्राचा वेग २६.५ अंश उत्तर अक्षांशावर २००४ पासून सतत मोजला जात आहे. सरासरी सेकंदाला सुमारे एक कोटी सत्तर लाख घनमीटर पाणी वर उत्तरेकडे जाते आणि खालून तेवढेच परतते. आपल्या हिशेबात सांगायचे तर १०५ टीएमसीचे कोयना धरण या प्रवाहाने तीन मिनिटांत भरेल.

इथे एक खुलासा करायला हवा. गार पाणी बुडते एवढ्यानेच हे चक्र फिरत राहत नाही. चुलीवरच्या पातेल्याला खालून आच लागते, समुद्राला वरून. वरून तापवलेले पाणी आपणहून ढवळत नाही, हे स्वीडनच्या सँडस्ट्रॉमने १९०८ मध्येच दाखवून दिले होते. तळाला गेलेले पाणी पुन्हा वर यायचे तर वारा आणि भरती-ओहोटी यांना ढवळण्याचे काम करावे लागते. अंटार्क्टिकाभोवतीच्या सोसाट्याच्या वाऱ्यांचा त्यात मोठा वाटा आहे. गल्फ स्ट्रीम हा प्रसिद्ध प्रवाहही मुख्यतः वाऱ्यानेच वाहतो. वारा पाण्याला ढकलतो आणि ढवळतो. कुठले पाणी वर राहायचे आणि कुठले बुडायचे, हे मात्र वजनावर ठरते.

मीठ कमी पडले तर

थंड समुद्रात एक विलक्षण गोष्ट घडते. कोमट पाण्यात तापमान एका अंशाने बदलले की वजनात जेवढा फरक पडतो, त्याच्या अगदी लहानशा हिश्शाएवढाच फरक जवळजवळ गोठलेल्या पाण्यात पडतो. मिठाचा परिणाम मात्र सगळीकडे जवळपास सारखाच राहतो. म्हणजे उत्तरेकडे जावे तसा तापमानाचा शब्द कमजोर होत जातो आणि मिठाचा वजनदार. ग्रीनलंडच्या आसपास पाण्यावर गोड्या पाण्याचा थर पसरला, तर ते कितीही गार झाले तरी बुडण्याइतके जड होत नाही.

अमेरिकेचे समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल यांनी १९६१ मध्ये दोन हौदांचे एक साधे गणित मांडले. एक हौद उष्ण कटिबंधाचा, दुसरा ध्रुवाकडचा. प्रवाह जोरात असेल तर तो मीठ उत्तरेकडे पोचवतो, म्हणून तिथले पाणी जड राहते आणि प्रवाह टिकतो. प्रवाह मंदावला तर मीठ कमी पोचते, पाणी हलके होते आणि प्रवाह आणखी मंदावतो. एका मर्यादेपलीकडे चक्र एकदम दुसऱ्याच अवस्थेत जाऊन स्थिरावू शकते, आणि मग गोड्या पाण्याचा ओघ पूर्वीइतका कमी केला तरी ते लगेच मागे फिरत नाही. सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी हिमयुग ओसरत असताना उत्तर अटलांटिकभोवतालचा प्रदेश अचानक पुन्हा गारठला आणि हजार वर्षांहून अधिक काळ तसाच राहिला. वितळत्या हिमचादरींचे गोडे पाणी समुद्रावर पसरून पाण्याचे बुडणे मंदावले, असे त्याचे स्पष्टीकरण बहुतेक शास्त्रज्ञ देतात.

आज ग्रीनलंडचा बर्फ पुन्हा वितळतो आहे. हवामानबदलावरील आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार हे चक्र या शतकात मंदावेल, याची दाट शक्यता आहे. २१०० पूर्वी ते एकदम कोसळणार नाही, याबद्दल मात्र मंडळाचा विश्वास मध्यमच आहे. त्यानंतर अनेक शास्त्रज्ञांनी धोका याहून मोठा असल्याचे बजावले आहे. हे चक्र मंदावले तर उष्ण कटिबंधातला पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो आणि भारतातला मोसमी पाऊस कमकुवत होतो, असे प्रारूपे आणि प्राचीन हवामानाच्या खुणा दोन्ही सांगतात. त्यामुळे ग्रीनलंड आपल्याला वाटते तितके दूर नाही.

शेजारचे दोन समुद्र

पण गोड्या पाण्याची ही करामत पाहायला ग्रीनलंडपर्यंत जाण्याचीही गरज नाही. आपल्या द्वीपकल्पाच्या दोन्ही अंगांना एकाच अक्षांशावर दोन समुद्र आहेत. ऊन सारखे, मोसमी वारे दोघांवरही. तरीही अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर यांचे स्वभाव टोकाचे भिन्न आहेत.

अरबी समुद्रावर जेवढा पाऊस पडतो त्याहून जास्त पाणी वाफ होऊन उडून जाते. तांबड्या समुद्रातून आणि इराणच्या आखातातून येणारे अतिखारे पाणी त्याच्या पोटात शिरते. त्यामुळे त्याच्या उत्तर भागात किलोमागे ३६ ग्रॅमहून अधिक क्षार असतात. बंगालच्या उपसागराचे उलट. गंगा आणि ब्रह्मपुत्रा या दोन नद्याच त्यात वर्षाला सुमारे हजार घनकिलोमीटर पाणी आणतात, म्हणजे ३५ हजार टीएमसी, तीनशेहून अधिक कोयना. शिवाय इरावती, महानदी, गोदावरी, कृष्णा. आणि या सर्वांहून अधिक पाणी थेट उपसागरावर कोसळणाऱ्या पावसाचे. परिणामी पावसाळ्याच्या अखेरीस उपसागराच्या उत्तर भागात क्षार किलोमागे ३० ग्रॅमच्याही खाली येतात. मिठातला हा पाच-सहा ग्रॅमचा फरक वजनाच्या हिशेबात दहा अंशांहून अधिक तापमानाच्या फरकाइतका आहे.

जूनमध्ये मोसमी वारे अरबी समुद्रावर तुटून पडतात, पाणी ढवळतात, खालचे गार पाणी वर आणतात आणि समुद्र गारावतो. उपसागरात मात्र गोड्या पाण्याचा हलका थर वर झाकणासारखा बसलेला असतो. तिथले वारेही तुलनेने मंद. त्यांना ते झाकण मोडून खालचे गार पाणी वर काढता येत नाही. म्हणून भर पावसाळ्यातही उपसागराचा पृष्ठभाग २८ अंशांच्या वर राहतो.

या २८ अंशांना महत्त्व आहे. सुलोचना गाडगीळ, पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांनी १९८४ मध्ये उपग्रहांच्या नोंदींवरून दाखवले की समुद्राचा पृष्ठभाग साधारण २८ अंशांहून उबदार असेल तरच त्यावर उंच, पावसाळी ढगांची दाटी होऊ शकते. पुढे २००२ मध्ये गोव्याच्या दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शेणॉय, शंकर आणि शेट्ये यांनी दोन्ही समुद्रांच्या उष्णतेचा जमाखर्च मांडला आणि उपसागर ही मर्यादा कशी राखून असतो, ते या थरांच्या आधारे स्पष्ट केले. पावसाळ्यात कमी दाबाचे पट्टे एकामागून एक याच उपसागराच्या उत्तर भागात जन्मतात आणि पश्चिमेकडे सरकत छत्तीसगड, विदर्भ आणि मध्य प्रदेशात पाऊस पाडतात. मराठवाड्यातला सप्टेंबरचा पाऊसही पुष्कळदा त्यांच्याच कृपेने पडतो.

म्हणजे हा व्यवहार चक्राकार आहे. उपसागरावरून आलेल्या ढगांनी जमिनीवर पाऊस पाडला. नद्यांनी त्यातले काही पाणी परत उपसागरात नेले. त्या पाण्याने उपसागराचा पृष्ठभाग हलका आणि उबदार ठेवला, आणि तिथे पुढचे ढग जमले. त्र्यंबकेश्वरला उगवलेली गोदावरी आणि महाबळेश्वरची कृष्णा पूर्वेकडे वाहत जाऊन याच खात्यात आपला वाटा टाकतात.

हे पाणी तिथेच थांबतही नाही. पावसाळ्यानंतर आंध्र-तमिळनाडूच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे एक प्रवाह निघतो. उपसागरातले कमी खारे पाणी घेऊन तो लंकेला वळसा घालतो आणि हिवाळ्यात केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्याने उत्तरेकडे चढतो. त्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर वारे साधारणपणे उत्तरेकडून असतात, आणि तरी प्रवाह त्यांच्या विरुद्ध जातो. वाऱ्याला न जुमानणारा हा प्रवाह वाहतो कशाने? याचे उत्तर गोव्याच्याच शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये दिले. दक्षिणेकडचे पाणी हलके असल्याने तिथे समुद्राची पातळी किंचित उंच राहते, उत्तरेकडचे जड पाणी किंचित खाली बसते, आणि त्या उतारावरून पाणी वाऱ्याविरुद्ध वाहते. मार्सिलीच्या पेटीतला प्रयोग आपल्या दारात दर हिवाळ्याला होतो. पुढे एप्रिल-मेमध्ये याच हलक्या थरामुळे केरळजवळचा समुद्र चांगलाच तापतो आणि मोसमी पावसाच्या आगमनाची तयारी तिथे होते.

जमाखर्चाची दुसरी बाजू

गोडे पाणी समुद्रात जाऊन फक्त पुण्यच करते, असे मात्र कुणी समजू नये. उपसागरातला हलका थर चक्रीवादळांनाही खतपाणी घालतो. वादळ समुद्र ढवळते तेव्हा खालचे गार पाणी वर येऊन त्याचा जोर मोडायला हवा, पण झाकण घट्ट असले की वादळाला उबदार पाणी मिळत राहते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात खोलातले, प्राणवायू कमी असलेले पाणी उथळ भागात वर सरकते. त्यावर पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचा पातळ थर बसला की त्याला हवा मिळेनाशी होते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्याच्या आसपास तळालगतचे पाणी मासळीला जगवेनासे होते. याच अरबी समुद्राच्या उत्तर भागात हिवाळ्यात उलटे घडते. कोरड्या गार वाऱ्यांनी पृष्ठभागाचे पाणी गार आणि खारट होऊन बुडते, खालची पोषकद्रव्ये वर येतात आणि समुद्राला हिरवा मोहोर येतो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मधुप्रताप यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हे दाखवून दिले. एकाच समुद्रात एका ऋतूत झाकण घातक ठरते आणि दुसऱ्या ऋतूत त्याचे उघडणे उपकारक. गोड्या पाण्याचा भला-बुरा परिणाम जागेवर आणि हंगामावर अवलंबून असतो, आणि म्हणूनच त्याचा हिशेब मांडावा लागतो.

माझा विरोध धरणांना नाही. कोयना, जायकवाडी नसती तर आजचा महाराष्ट्र कसा असता, याची कल्पना करवत नाही. एखाद्या धरणाने मोसमी पाऊस थांबेल, असे म्हणणेही हास्यास्पद होईल. गंगा-ब्रह्मपुत्रेपुढे कृष्णा-गोदावरीचे पाणी थोडे आहे, आणि नद्यांचा ओघ घटल्यास पावसावर नेमका किती परिणाम होईल याबाबत वेगवेगळ्या प्रारूपांची उत्तरे सारखी येत नाहीत. पण कृष्णेचा अनुभव विसरता येणार नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भरभरून समुद्राला मिळणारी ही नदी २००१ नंतरच्या दुष्काळी वर्षांत समुद्रापर्यंत जेमतेम पोचत होती. एका पिढीत एक मोठी नदी समुद्राच्या खात्यातून जवळजवळ वजा झाली आणि आपण त्याची नोंद ‘पाण्याचा पूर्ण वापर’ अशी केली. उद्या हाच न्याय ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्याला लावायचा म्हटले, तर तो निर्णय फक्त जमिनीवरचे कालवे आणि पंप मोजून घेता येणार नाही.

जमिनीवरच्या हिशेबातही अशी आश्चर्ये निघतात. मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांचा सहभाग असलेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. नदीजोडातून सिंचन वाढल्यास जमीन आणि हवा यांच्यातली ओलाव्याची देवघेव बदलेल आणि आधीच कोरड्या असलेल्या काही प्रदेशांत सप्टेंबरचा पाऊस बारा टक्क्यांपर्यंत घटू शकेल, असे त्यात दिसून आले. त्याची वाट वेगळी आहे, पण बजावणी तीच आहे. पाणी एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवताना आपण पावसाच्या यंत्रातच हात घालत असतो.

मोजल्याशिवाय बोलू नये

मग करायचे काय? माझ्या मते तीन गोष्टी ताबडतोब होण्याजोग्या आहेत. नद्यांच्या पाणीवाटपाच्या कुठल्याही मोठ्या प्रकल्पात समुद्रावरच्या परिणामांचा अभ्यास सक्तीचा करावा, आणि तो समुद्रशास्त्रज्ञांकडून करून घ्यावा. गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांसारख्या सीमापार नद्यांच्या प्रवाहाचे आकडे गोपनीय ठेवण्याची आपली प्रथा आहे, ती शास्त्रीय कामापुरती तरी सैल करावी. आपल्याच उपसागरात किती गोडे पाणी येते, याचा अंदाज आपल्याच संशोधकांना बाहेरच्या माहितीवरून बांधावा लागावा, ही गोष्ट लाजिरवाणी आहे.

तिसरी गोष्ट सातत्याने मोजण्याची. अटलांटिकमधला एक धडा इथे उपयोगी पडावा. १९५७ ते २००४ या काळात जहाजांनी पाच वेळा केलेल्या मोजणीवरून हे चक्र तीस टक्क्यांनी मंदावल्याचा निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर खळबळ उडाली. पण तोवर सतत मोजणारी उपकरणे समुद्रात बसवली गेली होती. त्यांच्या पहिल्या वर्षाच्याच नोंदींत प्रवाह सेकंदाला ४० लाख घनमीटरांपासून साडेतीन कोटी घनमीटरांपर्यंत वरखाली होताना दिसला. सत्तेचाळीस वर्षांत घेतलेल्या पाच मोजण्या या चढउतारापुढे अपुऱ्या होत्या. समुद्राची नाडी अधूनमधून पाहून भागत नाही.

सुदैवाने आपल्याकडे पाया भक्कम आहे. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून १९६६ साली उभी राहिलेली गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, हैदराबादचे महासागर माहिती सेवा केंद्र आहे. जगभरच्या समुद्रांत सोडलेले सुमारे चार हजार आर्गो तरंगक दर दहा दिवसांनी दोन किलोमीटर खोलीपासून वर येत तापमान आणि क्षार मोजतात व आकडे उपग्रहाकडे पाठवतात. भारत त्यात भागीदार आहे. हे तरंगक काही वर्षांत निकामी होतात आणि त्यांच्या जागी नवे सोडत राहावे लागते. या कामात फीत कापायला काही नसते, त्यामुळे अंदाजपत्रकात त्याच्यावर कात्री चालवणे सोपे जाते. धरणाच्या एका दरवाजाइतके लक्ष जरी आपण त्याच्याकडे दिले तरी पुष्कळ होईल.

आणि तोवर आपल्या बोलण्यातला एक शब्द बदलावा. समुद्राला मिळालेल्या पाण्यासाठी ‘वाया गेले’ असे न म्हणता नुसते ‘समुद्रात गेले’ असे म्हणावे. पुढच्या ओळीत त्याने तिथे काय केले ते लिहायला जागा राहील.